नवव्या महिन्यातला प्रवास



ह्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो मजुरी, बोनस आणि संप ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज बाळंतपणावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. शाळेतही फार शिकलो नाही. जे वाचले ते पुढे कामाच्या गरजेने वाचले. बायकांच्या गोष्टीत पुरुषाने तोंड घालू नये, असे आमच्या घरी मानीत. तेही मी पुष्कळ वर्षे पाळले, आणि ते पाळल्याचा पश्चात्ताप मला का झाला, हे आधी सांगतो. मग विषयाकडे वळू.

२०१५ सालच्या मार्च महिन्यात एक तरुण जोडपे संध्याकाळी माझ्या घरी आले. परजिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवर ती दोघे दिवाळीनंतर गेली होती, आणि हंगाम अर्धा टाकून परत आली होती. हंगाम मोडला म्हणून मुकादमाने हिशेब दिला नव्हता. नवरा मला सांगत होता, "भाऊ, हजारी दर ठरला व्हता. आता म्हणते, उचलच फिटली नाई." मी वही काढली. किती विटा पाडल्या, किती आठवडे काम झाले, खर्ची किती उचलली, हे सगळे मी दीड तास लिहून घेत होतो. बायको बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. घरातून तिला चहा गेला. तिला कितवा महिना आहे, हे मी विचारले नाही. दोन दिवस ट्रक, रेल्वेचा साधा डबा आणि एस.टी. असा प्रवास करून ती आली होती. माझ्या ओट्यापासून आपले ग्रामीण रुग्णालय पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. शेवटच्या गाडीने ती दोघे तालुक्यातल्या आपल्या खेड्याकडे निघून गेली.

त्याच रात्री एकच्या सुमारास तिला मुलगी झाली. मूल रडले, वार पडली, पण रक्त थांबेना. घरातली म्हातारी म्हणाली, "रक्त जातेच, बाई." थोरल्या दिराला उठवून आणून 'न्यायचे' असे ठरेपर्यंत सव्वा तास गेला. गावात जीप होती, पण चालक शेजारच्या गावी होता. तो येईपर्यंत आणखी एक तास गेला. हमरस्ता लागण्यापूर्वीच ती बाई गेली. हे मला तिच्या नवऱ्याने तेराव्यानंतर सांगितले. हिशेबाची वही माझ्यासमोरच होती, पण त्या दिवशी त्याने हिशेबाचे नावही काढले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या बाईला वाचवता येईल असा वेळ होता, तो गेला कुठे? हा शोध घेताना डॉक्टरांकडून, नर्सबाईंकडून आणि पुस्तकांतून मला जे कळले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रवासाने बाळंतपण ओढवते काय?

आपल्याकडे उशिराच्या महिन्यात प्रवास करणाऱ्या बायका दोन प्रकारच्या आहेत. एक आपल्या घरातली लेक. पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून ती पुण्या-मुंबईहून रात्रीच्या गाडीने अकोल्याला येते आणि तिथून बाळापूरला. दुसरी ती मजूर बाई, जी पोटासाठी गाव सोडते आणि बाळंतपणासाठी गावी परतते. एकीच्या हातात आरक्षित तिकीट असते, तर दुसरी दरवाज्याजवळ बोचक्यावर बसून येते. पण दोघींच्या शरीराचे नियम एकच आहेत.

धक्क्यांनी, खड्ड्यांनी बाळंतपण 'ओढवते' अशी समजूत सर्वत्र आहे. निरोगी बाईच्या बाबतीत ती फारशी खरी नाही. गर्भाशयाच्या जाड स्नायूंत आणि पाण्याच्या पिशवीत बाळ चांगले सांभाळलेले असते. खरा धोका निराळा आहे. बाळंतपण आपल्या वेळेवर येते, आणि ती वेळ कोणालाच नेमकी सांगता येत नाही. ती आली असता आपण भलत्याच जागी असलो, ओळखीचे कोणी नाही, दवाखाना कुठे आहे हे ठाऊक नाही, तर साधी अडचणही प्राणावर बेतते.

'नऊ महिने नऊ दिवस' असे आपण म्हणतो. वैद्यकशास्त्र जवळजवळ तेच सांगते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत, म्हणजे प्रसूतीची अंदाजे तारीख येते. हे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे होतात. पण ह्या तारखेवर विसंबणे चूक आहे. नेमक्या त्या दिवशी बाळंत होणाऱ्या बायका शंभरांत चार-पाचच असतात. ३७ आठवडे पुरे झाल्यानंतर कोणत्याही दिवशी कळा आल्या तरी ते पूर्ण दिवसांचेच बाळंतपण समजतात, आणि काहींचे त्याहीपूर्वी होते. 'अजून पंधरा दिवस आहेत' असे म्हणून गाडीत बसणे म्हणजे अंदाजावर प्राण ठेवणे होय.

ह्या दृष्टीने सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलीला माहेरी आणण्याची आपली जुनी चाल फार शहाणपणाची आहे. तिच्यामागे लाड आहेत, तसेच व्यवहारही आहे. आज लेकी नोकरी करतात, रजा वाचवतात आणि नववा लागल्यावर निघतात. माझे सांगणे इतकेच, की लांबचा प्रवास आठवा महिना भरण्याच्या आत उरकावा. पोटात जुळे असेल, रक्तदाब वाढलेला असेल, रक्तस्राव झाला असेल, वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, किंवा आधीचे बाळंतपण अपुऱ्या दिवसांचे वा शस्त्रक्रियेचे असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून निघूच नये.

प्रवासाच्या काही साध्या गोष्टी सांगतो. रात्रीच्या बसपेक्षा रेल्वे बरी, कारण रेल्वेत संडास असतो. बसमध्ये तो नसतो, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि ते पोटुशीला अपायकारक आहे. रेल्वेत गर्भवतीसाठी खालच्या बाकाची सोय आहे. तिकीट काढताना ती मागून घ्यावी. गर्भारपणात रक्त लवकर गोठते. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसले, तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा संभव असतो. म्हणून तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. एकाच पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर दुर्लक्ष करू नये. मोटारीत पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांवरून घ्यावा. विमानाने यायचे असेल, तर ३६ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचा दाखला मागतात. एकटीने प्रवास करू नये. तपासणीचे कार्ड, रक्तगटाचा कागद आणि सोनोग्राफीचे अहवाल सामानाच्या तळाशी न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावेत. वाटेत बाई बेशुद्ध झाली, तर तिच्या वतीने ते कागदच बोलतात.

अंतर तासांत मोजावे

बाळापूर ते अकोला पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे असे आपण म्हणतो. पण बाळंतिणीच्या बाबतीत किलोमीटरला काही अर्थ नाही. कोणती अडचण किती वेळात जीव घेते, ह्याचा सर्वसाधारण अंदाज वैद्यकातल्या अभ्यासकांनी बांधला आहे. उपचार मिळाला नाही, तर बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात सुमारे दोन तास असतात. बाळंतपणापूर्वीच्या रक्तस्रावात सुमारे बारा तास, आकडीत दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस आणि जंतुदोषात सहा दिवस. हे आकडे सरासरीचे आहेत, प्रत्येकीचे नव्हेत. तरी दिशा त्यांवरून कळते. सर्वांत कमी वेळ देणारा शत्रू म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव.

तो का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. वार गर्भाशयाच्या भिंतीला जिथे चिकटलेली असते, तिथे मोठमोठ्या रक्तवाहिन्या उघडतात. वार सुटली म्हणजे त्यांची तोंडे मोकळी होतात. निसर्गाने त्यांवर एकच बूच ठेवले आहे, ते म्हणजे गर्भाशयाचे आवळणे. स्नायू मुठीसारखे आवळले की वाहिन्या दाबल्या जाऊन रक्त थांबते. स्नायू थकले, वारेचा तुकडा आत राहिला, किंवा लघवीची पिशवी भरून वर दाब आला, की ती मूठ सैल राहते आणि रक्त वाहतच राहते. दवाखान्यात मूल होताच आईला जे इंजेक्शन देतात, ते ही मूठ आवळण्यासाठीच. बाई आधीच रक्ताने कमी असली, तर थोडेही रक्त जाणे तिला सोसत नाही. २०१९ ते २१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गर्भवतींना रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या कडू लागतात, शौचाला काळे होते, म्हणून पुष्कळजणी त्या उकिरड्यावर टाकतात. त्या गोळ्या म्हणजे ह्या दोन तासांसाठी आधी करून ठेवलेली शिल्लक आहे.

थॅडियस आणि मेन ह्या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली एक निबंध लिहून असे दाखवले, की मातेचा जीव तीन विलंबांत जातो. पहिला विलंब 'न्यायचे' हे ठरवण्यात, दुसरा दवाखान्यापर्यंत पोचण्यात, आणि तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यात. मी सांगितलेल्या प्रसंगाला हे लावून पाहा. ठरवण्यात सव्वा तास आणि वाहन मिळण्यात एक तास, मिळून सव्वादोन तास झाले. बाईजवळ वेळ सुमारे दोन तासांचा होता. ज्या रस्त्याला आपण दोष देतो, तो सुरू होण्यापूर्वीच तिचा वेळ संपला होता. आणि त्याही आधीचा एक विलंब कोणत्याच निबंधात नाही. तो माझ्या ओट्यावरचा दीड तास होय.

आधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

पहिले दोन विलंब कमी करणे बरेचसे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी पैशापेक्षा आधी विचार करावा लागतो. सातव्या महिन्यातच घरात बसून पाच प्रश्नांची उत्तरे ठरवावीत.

बाळंतपण कुठे होणार, आणि तिथे अडले तर पुढे कुठे न्यायचे? आपल्याकडे पुढचा दवाखाना म्हणजे अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला जुनी माणसे अजून 'लेडी हार्डिंग' म्हणतात, किंवा तिथलेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वाहन कोणाचे, आणि रात्री दोन वाजता चालकाला उठवणार कोण? १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०२ हा गर्भवतींच्या वाहनाचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवावा. बरोबर कोण जाणार, आणि घरातल्या लहान पोरांना कोण पाहणार? रक्त लागले तर देणारी दोन माणसे कोण? आणि पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: 'न्यायचे' हे कोण ठरवणार? कर्ता पुरुष शेतावर किंवा परगावी असेल तर वाट पाहायची नाही, असे आधीच सर्वांच्या देखत ठरले पाहिजे. जी बाई जवळ असेल, तिने ठरवावे.

कशासाठी निघायचे, हेही पाठ असावे. कोणताही रक्तस्राव, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, आकडी, ताप, कळांवाचून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, आणि कळा सुरू होऊन बारा तास झाले तरी मोकळी न होणे. ह्यांपैकी एक जरी दिसले तरी निघावे. 'सकाळ होऊ द्या' हे वाक्य त्या रात्री कोणी उच्चारू नये.

पैशाचे म्हणाल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सर्व २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची खास तपासणी होते. ती सोय २०१६ पासून आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी अर्थसाह्य मिळते: नैसर्गिक प्रसूतीला १५,००० रुपये आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये. ह्या सोयी कागदावर आहेत, आणि मागितल्या तर पुष्कळदा मिळतातही. पण मागायच्या असतात हेच ज्यांना ठाऊक नसते, त्यांना त्या मिळत नाहीत.

वाटेतच बाळंत झाली तर

इतके करूनही गाडीत किंवा शेताच्या बांधावर बाळंतपण होतेच. रेल्वेत असाल तर १३९ ह्या नंबरावर कळवावे, म्हणजे पुढच्या स्टेशनवर सोय होऊ शकते. घाबरून न जाता पाच स्वच्छता सांभाळाव्यात: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ. साबणाची वडी, न वापरलेले ब्लेड, उकळून वाळवलेला दोरा आणि उन्हात वाळवलेली दोन सुती लुगडी एका पिशवीत बांधून आठव्या महिन्यापासून जवळ ठेवावीत.

हात धुण्यात एवढे काय आहे, असे कोणी म्हणेल. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर होता. तिथे डॉक्टरांच्या हाताखालच्या पहिल्या विभागात बाळंतिणी सूतिकाज्वराने एवढ्या मरत, की गरीब बायका मुद्दाम रस्त्यातच बाळंत होऊन मग आत येत. आणि नवल असे, की रस्त्यात बाळंत झालेल्या बायकांना तो ज्वर फार कमी होई. सेमेलवाइसला ह्यातून एक धागा सापडला. डॉक्टर प्रेते तपासून तसेच बाळंतिणीकडे येत होते, आणि मरण त्यांच्या हातांवरून येत होते. १८४७ साली त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. रस्ता वाईट खरा, पण घाणेरडा हात त्याहून वाईट.

मूल बाहेर येताच त्याला पुसून कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून पांघरूण घालावे आणि लगेच पाजावे. बाळ चोखू लागले की गर्भाशय आवळते, म्हणजे ते दूध आईलाही औषध आहे. नाळ कापण्याची घाई नको. नवे ब्लेड नसेल तर कापूच नये. वारेसह बाळाला आईजवळ गुंडाळून दवाखाना गाठावा. नाळेला शेण, राख, हळद काही लावू नये. नाळ ओढू नये, पोट दाबून मूल ढकलू नये. कळा वाढवण्याचे इंजेक्शन मूल होण्यापूर्वी दवाखान्याबाहेर कोणाकडूनही टोचून घेऊ नये; त्याने गर्भाशय फाटते. मूल झाल्यावर रक्त फार जाऊ लागले, तर बेंबीखाली हाताने जोर देऊन चोळावे, गर्भाशय कडक गोळ्यासारखे लागेपर्यंत. लघवी करवावी, बाळाला पाजत ठेवावे, बाईला आडवी आणि ऊबदार ठेवावे. आणि हे सगळे गाडी बोलावता बोलावता करावे, तिची वाट पाहत बसून नव्हे.

दवाखाना दूर असेल तर

आपल्यापासून फार दूर नाही असा मेळघाट आहे. पावसाळ्यात तिथल्या कित्येक पाड्यांना नाले अडवतात. तिथे 'कळा आल्यावर निघा' हा सल्ला फुकट आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत २०१०-११ पासून 'माहेरघर' नावाची योजना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात खोली असते. तारखेच्या काही दिवस आधी गर्भवतीने लहान मूल आणि सोबतीचे माणूस घेऊन यायचे, तिथेच राहायचे, जेवायचे आणि बाळंत व्हायचे. क्यूबा देशात अशी घरे १९६२ पासून आहेत. अंतर कमी करता येत नसेल तर प्रवास आधी करावा, ही त्यामागची कल्पना. आणि ती आपल्या सातव्या महिन्याच्या माहेरपणाहून निराळी नाही. ज्यांना जाताच येत नाही, त्यांच्यासाठी गडचिरोलीत राणी आणि अभय बंग ह्यांनी उलट वाट धरली. खेड्यातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची निगा शिकवली. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि तो वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला.

अशा कामांचे फळ दिसते. २०१८ ते २० ह्या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आणि ज्या पाहणीचा उल्लेख मी आधी केला, तिच्याप्रमाणे आपल्या राज्यात शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. ह्याचा अभिमान जरूर धरावा. पण उरलेल्या पाचजणी कोण, हेही विचारावे. त्या डोंगरात आहेत, भट्टीवर आहेत, उसाच्या फडात आहेत, आणि काही वाटेत आहेत.

वहीत नसलेले नाव

आता माझ्या मूळ धंद्याकडे येतो. बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी, हा कामगार चळवळीचा जुना प्रश्न आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर घेऊ नये असा ठराव केला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला जोराचा पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा आला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असले की हक्क लागू होतो.

माझ्या ओट्यावर बसलेली ती बाई भट्टीवर शंभरावर दिवस राबली होती. गारा तिने तुडवला, विटा तिने वाहिल्या. पण भट्टीच्या वहीत नाव एकच, नवऱ्याचे. दर हजार विटांचा, हिशेब जोडीचा, उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर. उसाच्या फडात नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. बाई त्या कोयत्यात निम्मी असते, पण वहीत तिचे नाव नसते. कायदा वही पाहून चालतो, आणि वहीत नसलेली बाई त्याला दिसत नाही. मग उचल फिटेपर्यंत ती काम करते, नववा लागल्यावर निघते, आणि हिशेब अडला म्हणून वाटेत थांबते. तिच्या नवव्या महिन्यातल्या प्रवासाला तिची अडाणी समजूत कारण नाही. आगाऊ पैशाची ही रीत कारण आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या सरकारपेक्षा येथे बसलेल्यांकडे अधिक आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या भट्ट्या आहेत, जिनिंग आहे, बांधकामे चालतात, त्यांनी हजेरीच्या वहीत बाईचे नाव वेगळे लिहावे. गर्भवती बाईचा हिशेब सातवा महिना लागताच पुरा करून द्यावा. उरलेली उचल पुढच्या हंगामात घ्यावी. आणि दिवाळीनंतर आपल्या गावाभोवती ज्या परगावच्या टोळ्या उतरतात, त्यांतल्या गर्भवतींची नावे आशाताईला आणि नर्सबाईला कळवावी. त्यांच्या पालावर १०८ हा आकडा रंगवावा. ह्याला खर्च कितीसा येतो?

आमच्या संघटनेपुरते सांगायचे तर एक नियम आम्ही केला आहे. हिशेबाची वही उघडण्यापूर्वी जोडप्यातल्या बाईला घरात बसवायचे आणि माझ्या पत्नीने किंवा दुसऱ्या कोणी बाईने तिला विचारायचे: कितवा महिना, कार्ड कुठे आहे, पोट दुखते का, रक्त जाते का. मग विटा मोजायच्या. हा नियम फार उशिरा झाला, हे मी जाणतो.

त्या रात्री जन्मलेली मुलगी आज शाळेत जाते. तिची आजी तिला वाढवते. मधून मधून बापाबरोबर ती माझ्याकडे येते आणि त्याच ओट्यावर बसते. तिच्या बापाच्या भट्टीचा हिशेब पुढे आम्ही वसूल केला, पुरता केला. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात विटांचे आकडे सर्व बरोबर आहेत.